रेडिओने जोडलेली माणसे

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत एका सभासद भगिनीने केलेले भाषण)



ह्या वर्षी बाहेरच्या वक्त्या न बोलावता आपल्यातल्याच चौघींनी बोलावे असे कार्यकारिणीने ठरवले आणि त्या चौघींत माझे नाव घातले. विषय विचारला तेव्हा मी म्हटले, मला एकाच गोष्टीची माहिती आहे, ती म्हणजे रेडिओ. चिटणीसबाई म्हणाल्या, "मग रेडिओवरच बोला. पण गाण्यांवर नको, गाण्यांवर सगळेच बोलतात." तेव्हा मी गाण्यांवर बोलणार नाही. गाणी ऐकणाऱ्या माणसांवर बोलणार आहे. ही माणसे एकमेकांना बहुधा कधी भेटलेली नसतात. तरी एकीच्या घरी पाळणा हलला की दहा गावांत आनंद होतो. हे कसे घडते तेवढे सांगावे असा विचार आहे.

तरुण सुनांना फर्माइश म्हणजे काय हे ठाऊक नसेल, म्हणून थोडे मागचे सांगते. १९५२ साली डॉ. बाळकृष्ण केसकर नभोवाणीमंत्री झाले. ते आपल्या पुण्याचेच. शास्त्रीय संगीताचे मोठे भोक्ते, त्यामुळे सिनेमाची गाणी त्यांना हलकी वाटत. त्यांच्या कारकिर्दीत आकाशवाणीवरची सिनेगीते कमी कमी होत बंदच झाल्यासारखी झाली. लोक काय करतात? लोकांनी काटा फिरवला आणि समुद्रापलीकडचे रेडिओ सिलोन लावले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात तिथे अमीन सयानी यांची बिनाका गीतमाला सुरू झाली. बुधवारी रात्री आठ वाजता. माझी आत्या सांगे की त्या वेळी रस्त्यावर माणूस दिसत नसे आणि ज्याच्या घरी रेडिओ त्याच्या ओसरीवर पाय ठेवायला जागा नसे. पहिल्या कार्यक्रमालाच नऊ हजार पत्रे आली आणि पुढे आकडा आठवड्याला पासष्ट हजारांवर गेला, असे सयानी स्वतः मुलाखतींतून सांगत. २०२४ साली ते वारले. वय एक्याण्णव होते. पुढे ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीने विविध भारती काढली, म्हणजे गाणी घरी परत आली. १९८९ साली गीतमालाही विविध भारतीवर आली, ती मी लहानपणी ऐकलेली आहे.

आता ही पत्रे कोण लिही? गावोगावी लोकांनी श्रोता संघ काढले होते. पानाच्या दुकानात, सलूनमध्ये, शिंप्याच्या माडीवर दहापंधरा जण जमत आणि कोणते गाणे वर, कोणते खाली, हे मते घेऊन ठरवून सिलोनला कळवत. फर्माइशींच्या कार्डांत तर झुमरी तलैया ह्या गावाने कमाल केली. पुष्कळांना वाटे की असे गावच नाही, कोणीतरी थट्टेने नाव घेतो आहे. पण गाव खरे आहे. तेव्हा बिहारात होते, आता झारखंडच्या कोडरमा जिल्ह्यात आहे. अभ्रकाच्या खाणींचा मुलूख. तिथली माणसे चढाओढीने कार्डे टाकत आणि गाव सगळ्या हिंदुस्थानात ठाऊक झाले.

आपल्या मराठीत आकाशवाणीवर 'आपली आवड' लागे. गाण्याच्या आधी ज्यांनी ते मागितले त्यांची नावे व गावे वाचत. पुष्कळ लोक म्हणत, ही नावांची कटकट कशाला, गाणे लावा की. माझे मत उलटे आहे. मला गाण्याइतकीच नावे आवडत. आपल्यासारख्या माणसाचे नाव कुठे असते? शिधापत्रिकेवर, मतदारयादीत आणि फार तर लग्नपत्रिकेत. ते नाव एक ओळख नसलेला माणूस चांगल्या स्वच्छ उच्चारात सगळ्या महाराष्ट्राला ऐकू जाईल असे घेतो, ही काही लहान गोष्ट नव्हे.

पण त्यातही एक गोम होती. कार्ड लिहिताना पहिले नाव घरच्या कर्त्याचे, मग मुलांची, पुतण्यांची, आणि शेवटी "व परिवार". ह्या परिवारात आम्ही बायका. कार्ड आमच्या अक्षरात, गाणे आमच्या आवडीचे, पोस्टात टाकायला आम्हीच धाकट्याला पिटाळलेले, पण नाव घेताना आम्ही परिवार. मी सातवी झाल्यावर शाळा सुटली ती सुटली. पुढे लिहिण्याचा सराव राहिला तो ह्या कार्डांमुळेच. सासरी आले तेव्हा सासऱ्यांच्या परवानगीने कार्डे टाकी, आणि त्यांवर पहिले नाव सासऱ्यांचे.

आमची मैत्री सुरू झाली ती अशी की रोज ऐकून ऐकून काही नावे ओळखीची झाली. तासगावकडच्या एक बाई होत्या. त्यांचे नाव परिवारात नसे, स्वतंत्र असे, यजमानांच्या नावानंतर का होईना. इस्लामपूरच्या एक, बार्शीचे एक मास्तर, कोल्हापुरातल्या दोघी जावा, सोलापूरचे एक यंत्रमागावरचे कामगार, विदर्भातले एक पोस्टमन. मी त्यांची नावे आज इथे घेत नाही, त्यांना विचारलेले नाही. आम्ही आपसांतही गावानेच बोलतो. तासगावच्या आक्का, बार्शीचे मास्तर, असे. २००० सालच्या सुमारास तासगावच्या आक्कांचे मला कार्ड आले. पत्ता म्हणजे सासऱ्यांचे नाव आणि गाव, एवढाच. तरी पोचले, कारण आमच्या पोस्टमनला ठाऊक की हे रेडिओवाल्यांचे घर. आत लिहिले होते, "तुमच्याकडून गाणी मागवणाऱ्या तुम्ही कोण आहात ते कळवा. निवड पुरुषाची वाटत नाही." सासऱ्यांनी कार्ड आधी वाचले (कार्ड सगळेच वाचतात), हसले आणि माझ्या हातात दिले. सासूबाई मात्र हसल्या नाहीत. "ना ओळख ना देख, कोण ह्या विचारणाऱ्या?" त्यांचे म्हणणे अगदीच वावगे होते असे मी म्हणणार नाही. अनोळखी माणसांशी पत्रव्यवहार म्हणजे घरातल्या बायकांना जपूनच राहावे लागते. म्हणून आम्ही एक पथ्य ठेवले. पत्र कार्डावरच लिहायचे, पाकीट नाही. म्हणजे ज्याला वाचायचे असेल त्याने वाचावे. कार्ड पन्नास पैशांत जाई हा दुसरा फायदा.

त्या कार्डांवर काय असे? निम्मे गाण्यांचे आणि निम्मे घरचे. आणि घरचे म्हणजे बातमी. शेतात बोअरला पाणी लागले. नणंदेचे ठरले. मुलगा दहावी सुटला. एका ओळीत एक बातमी, कारण कार्डावर जागा तेवढीच. त्यावर उत्तर म्हणून नुसते अभिनंदन न लिहिता त्या बातमीला साजेसे गाणे पुढच्या फर्माइशीत मागवायचे, आणि यादीत त्या घरच्या माणसाचे नाव घालायचे, अशी रीत पडली. कोणी ठरवून पाडली नाही. तासगावच्या आक्कांनी एकदा केले, मग सगळे करू लागले. अडचण एवढीच की कार्ड पोचून, निवड होऊन, गाणे लागेपर्यंत महिना दीड महिना जाई. तोवर दहावी सुटलेला मुलगा अकरावीच्या पहिल्या चाचणीला बसलेला असे. तरी नाव ऐकू आले की बातमी पुन्हा नवी होई.

माझी दुसरी मुलगी २००३ साली झाली. आता आपल्यात बसलेल्या पुष्कळजणींना पुढचे सांगावयास नको. मुलाला पेढे, मुलीला बर्फी ही रीत आपण ऐकलेली आहे. माझ्या दुसरीच्या वेळी बर्फीही आली नाही. कोणी मला वाईट बोलले नाही, हेही खरे सांगते. फक्त कोणी काही बोललेच नाही. बारसे झाले ते घरातल्या घरात झाले. मी माहेराहून तासगावला एक कार्ड टाकले, त्यावर मुलीचे नाव लिहिले आणि वजन लिहिले, पावणेतीन किलो. दुसरे काही लिहिले नाही.

मी सासरी परत आले त्यानंतरची गोष्ट. संध्याकाळी भाकऱ्या चालल्या होत्या आणि रेडिओ सासूबाईंच्या खाटेशी होता. यादी सुरू झाली. तासगावची नावे, आणि त्यांत शेवटी माझ्या मुलीचे नाव. मग बार्शीची नावे, त्यांत माझ्या मुलीचे नाव. इस्लामपूर, पुन्हा तेच. चौथे कोल्हापूर. निवेदिकाबाईंना काय वाटले असेल कोण जाणे, चार गावांत एकाच नावाची मुलगी! पण त्यांनी चारही वेळा नीट वाचले. सासूबाई म्हणाल्या, "आपल्या पोरीचे नाव कसे काय?" मी म्हटले, "मैत्रिणींनी घातले." त्या काही बोलल्या नाहीत. साखर वाटायला निघाल्या असेही नाही, त्यांचा स्वभाव तसा नव्हता. मात्र भिंतीपलीकडच्या काकूंना त्यांनी हाक मारली आणि रेडिओ मोठा करायला सांगितले, कारण गाणे अजून संपायचे होते. ही मुलगी आता पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. सासूबाई गेल्या त्याला नऊ वर्षे झाली.

आता दुसरी गोष्ट सांगते, ती हसण्याची आहे. विदर्भातले पोस्टमन हे रफीसाहेबांचे भक्त आणि सोलापूरचे कामगार किशोरकुमारांचे. भक्त म्हणजे कसे, तर ३१ जुलैला, १९८० साली रफीसाहेब गेले तो दिवस म्हणून, पोस्टमन एक वेळ जेवत नसत. सोलापूरचे गृहस्थ १३ ऑक्टोबरला, म्हणजे १९८७ साली किशोरकुमार गेले त्या दिवशी, कारखान्यात रजा टाकत. दोघे एकमेकांना टोचून कार्डे लिहीत. पोस्टमन तर पोस्टातलेच, त्यांना कार्डांचा काय तोटा! दहा वर्षे वाद चालला आणि कोणी एक पाऊल मागे घेतले नाही. मग सोलापूरच्यांची मुलगी परिचारिकेची परीक्षा पास होऊन नोकरीला लागली. त्यांच्या घराण्यात पगारावर सही करणारी ती पहिली मुलगी. त्यानंतरच्या यादीत विदर्भातल्या त्या पोस्टमनचे नाव आले आणि त्यांनी मागवलेले गाणे किशोरकुमारांचे! सोलापूरच्यांनी आम्हां सगळ्यांना कार्डे टाकली : "म्हातारा शरण आला." पोस्टमनने उलट कळवले, "शरण नाही. मुलीसाठी मागवले. बापासाठी मागवले नसते." तो वाद अजून चालू आहे. पोस्टमन निवृत्त झाले, त्यामुळे आता त्यांना वेळही पुष्कळ आहे.

हे सगळे आता फोनवर चालते. बार्शीच्या मास्तरांनी सात-आठ वर्षांपूर्वी व्हॉट्सअॅपवर आमचा गट केला. चाळीसएक माणसे आहेत. आता बातमी दीड महिन्याने न कळता दीड मिनिटाने कळते. ह्यात सोय आहे, पण मला एक खोट दिसते ती सांगते. पूर्वी बातमी ऐकून कार्ड आणायचे, लिहायचे, टाकायचे, एवढे केले तरच अभिनंदन होई. आता बोट टेकवले की फुलांचा गुच्छ जातो. एकाने गुच्छ पाठवला की मागून एकोणचाळीस गुच्छ येतात, आणि बातमी वर कुठल्या कुठे निघून जाते. ज्याची बातमी त्याला गुच्छ मोजण्यापलीकडे काही मिळत नाही. ह्यावर इस्लामपूरच्या ताईंनी उपाय काढला. त्या म्हणाल्या, गुच्छ पाठवायचा असेल तर पाठवा, पण सोबत एक प्रश्न विचारा. मुलाला पुण्यात नोकरी लागली, तर राहण्याची सोय कुठे झाली ते विचारा. नात झाली, तर सून उठून हिंडू लागली का ते विचारा. मला हे फार पटले. माणसाला बातमी सांगायची असते ती एका वाक्यात सांगून भागत नाही. कोणीतरी पुढचे विचारले की तो खुलतो. आणि ज्याला खरोखर आनंद झालेला नाही त्याला पुढचे विचारायला सुचतच नाही, हेही मी पाहिले आहे.

गटात सगळे गोड गोड आहे असे समजू नका. एकाने घरात आजारपण असल्याचे खोटे सांगून दोघांकडून पैसे घेतले. तो गटातून गेला, पैसेही गेले. तेव्हापासून पैशाचा व्यवहार गटात करायचा नाही असे ठरले आहे. शिवाय आणखी एक प्रश्न आला, तो अवघड होता.

एका घरी सुनेला दिवस गेले. सासूने आनंदाच्या भरात दुसऱ्याच महिन्यात गटात सांगून टाकले. त्याच आठवड्यात दुसऱ्या एका सभासद बाईंच्या लेकीचे तीन महिन्यांचे पोट गेले होते. ते त्यांनी कोणालाच कळवलेले नव्हते. गुच्छांवर गुच्छ येत होते आणि त्या बाई ते पाहत होत्या. त्यांनी नंतर मला फोन केला आणि म्हणाल्या, "मला तिचा राग नाही. पण मला त्या दिवशी फोन विहिरीत टाकावासा वाटला." मग काय करावे? आनंद सांगू नये? काहीजणी म्हणाल्या, नकोच सांगायला, दृष्ट लागते. काही म्हणाल्या, जगात एकीच्या घरी सुख तर दुसरीच्या घरी दुःख हे असायचेच, कोणी कोणासाठी तोंड बांधून बसायचे?

मला विचाराल तर आपल्या आज्यांनी ह्याचा विचार आधीच केलेला आहे. चोरओटी आठवा. तिसऱ्या महिन्यात ओटी भरायची, पण घरातल्या दोघीतिघींनी, गाजावाजा न करता. डोहाळजेवण सातव्यात, तेव्हा आळीला बोलावणे. आपण तिला चोरओटी म्हणतो ती दृष्टीच्या भीतीने म्हणतो असे मला पूर्वी वाटे. आता वाटते, त्यात शहाणपण दुसरेही आहे. गोड बातमी एकदम चव्हाट्यावर नेण्याआधी ती जवळच्या दोघीतिघींच्या हातात द्यावी. त्यांना कोणाच्या घरी काय चालले आहे ते ठाऊक असते. गटात मी हेच मांडले, आणि आता तशी रीत आहे. बातमी आधी तासगावच्या आक्कांना किंवा मास्तरांना सांगायची. त्या दिवशी कोणाच्या घरी काही वाईट घडले असेल तर ते म्हणतात, चार दिवस थांबा. आणि ज्या घरी दुःख आहे तिथे ते आधी स्वतः फोन करून सांगतात की अशी अशी बातमी गटात येणार आहे. त्या बाईंच्या लेकीला पुढे दोन वर्षांनी मुलगा झाला. तेव्हा पहिला प्रश्न विचारणारी ती दुसरी सासूच होती.

आता आक्कांचे सांगते आणि मग आटोपते. घड्याळ दाखवू नका, मला दिसते आहे.

आक्कांचे यजमान २०११ साली गेले. दीड एकर द्राक्षबाग. सुतकात रेडिओ बंद झाला तो वर्ष झाले तरी बंदच. विधवा बाईने सिनेमाची गाणी मागवायची म्हणजे गाव काय म्हणेल, ही भीती. आम्ही पत्रे पाठवली, उत्तर नाही. मग आम्ही सगळ्यांनी आपापल्या कार्डांत त्यांचे नाव घालायला सुरुवात केली. कोणत्याही प्रसंगाशिवाय, बातमी नसताना. त्यांच्या पुतण्याने मोबाइलमधल्या रेडिओवर ते ऐकले आणि धावत सांगायला गेला. जावेने नाक मुरडले. आक्कांनी दुसऱ्या दिवशी रेडिओत नवे सेल घातले. त्यांनी मला कळवले ते एवढेच, "सेल घातले."

पण मुख्य गोष्ट पुढेच आहे. सातबाऱ्यावर त्यांचे नाव लागलेले नव्हते. दिरांचे म्हणणे, "नाव कशाला लावायला पाहिजे, आम्ही आहोत ना?" आणि बागेचा बेदाणा विकला जाई त्याचे पैसे कोणाच्या हातात जात हे मी सांगायला नको. बार्शीचे मास्तर निवृत्तीनंतर लोकांचे अर्ज लिहून देतात. त्यांनी फोनवर एकेक पायरी सांगितली. यजमानांच्या मृत्यूचा दाखला काढा, सगळ्या वारसांची नावे लिहा, तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज द्या, पोच घ्या. पोच घेतल्याशिवाय जागचे हलू नका, हे त्यांनी तीनदा सांगितले. मग नोटीस निघते आणि हरकत घ्यायला मुदत असते. दिरांनी हरकत घेतली. हरकत आली की सुनावणी. तारखा पडत गेल्या. प्रत्येक तारखेच्या आदल्या रात्री कोल्हापूरच्या दोघी जावांपैकी एक आक्कांना फोन करी आणि इकडचे तिकडचे बोले, गाण्यांचे बोले, तारखेचा विषय काढीत नसे. आक्का सांगतात, त्या फोननंतर मला झोप लागे.

२०१९ साली फेरफार मंजूर झाला. आक्कांनी सातबाऱ्याचा फोटो गटात टाकला. वर एक अक्षर लिहिले नव्हते. फोटो थोडा हललेला होता, पण नाव वाचता येत होते. शेजारणींनो, आमच्या गटात लग्ने झाली, नातवंडे झाली, एकाचा मुलगा सैन्यात अधिकारी झाला, पण असा दिवस मी पाहिला नाही. त्या रात्री गुच्छ कोणी पाठवला नाही. लोकांनी फोनच केले. सोलापूरच्यांनी कारखान्यात पेढे वाटले आणि कोणी विचारले काय झाले, तर म्हणाले, "बहिणीच्या नावावर जमीन झाली." इस्लामपूरच्या ताईंनी शिरा केला. पोस्टमनने रफीसाहेबांचे गाणे मागवले आणि सोलापूरच्यांनी हरकत घेतली नाही. फर्माइशीत ह्या वेळी आक्कांचे एकटीचे नाव पाठवले होते. मागे कोणाचे नाव नाही, पुढे परिवार नाही. नाव आणि गाव.

एक मात्र प्रांजळपणे सांगते. दूरच्या माणसाला दुसऱ्याच्या सुखात आनंद मानणे सोपे जाते. त्याची आणि आपली मुले एका वर्गात नसतात, त्याने माडी चढवली म्हणून आपले ऊन अडत नाही, आणि आहेराच्या वहीत त्याचे काही देणे-घेणे लिहिलेले नसते. ही आहेराची वही फार वाईट. कोणी पन्नास दिले, कोणी पातळ दिले, ते लिहून ठेवायचे आणि तितकेच फेडायचे, मग त्या घरच्या लग्नात आपण आनंदाला जातो की हप्ता भरायला, हे आपले आपल्याला कळत नाही. माझ्या रेडिओच्या माणसांत ही वही नाही. पण माझ्या मिस्टरांचा पाय मोडला तेव्हा तीन आठवडे डबा आला तो तासगावहून आला नाही, तो ह्या मंडळातल्या पाच घरांतून आला. तेव्हा ती माणसे मोठी आणि आपण लहान असे सांगायला मी उभी राहिलेली नाही. डबा आपल्याला पोचवता येतो. बातमी विचारायला मात्र आपण कमी पडतो, असे मला वाटते. आपल्या सभेत निधन झाले तर दोन मिनिटे उभे राहून श्रद्धांजली वाहतो, ती वाहिलीच पाहिजे. पण कोणाचे चांगले झाले तर ते आपल्याला नळावर, तेही तिसरीकडून कळते.

म्हणून कार्यकारिणीपुढे मी एक सूचना ठेवली होती आणि ती मान्य झाली आहे. गुरुवारच्या सभेत प्रार्थना झाल्यावर दहा मिनिटे बातम्यांना द्यायची. मुलाबाळांच्या, नातवंडांच्या बातम्या आहेतच, पण ज्या बाईची बातमी तिची स्वतःचीही असली पाहिजे, निदान अधूनमधून. आणि ऐकणाऱ्यांपैकी तिघींनी तरी पुढचे विचारायचे. टाळ्या वाजवल्या नाहीत तरी चालेल. ज्यांच्या घरी दुःख असेल त्यांनी आधी चिटणीसबाईंना कळवावे, म्हणजे सांभाळून घेता येईल.

येत्या गुरुवारची पहिली बातमी ठरलेली आहे. आपल्यातल्या एकीने शिलाईयंत्राचा शेवटचा हप्ता स्वतःच्या कमाईतून फेडला. नाव मी सांगत नाही, ती मागच्या रांगेत बसून माझ्याकडे डोळे वटारते आहे. गुरुवारी ती स्वतःच सांगेल. काय विचारायचे ते तिघींनी घरून ठरवून या.